तक्रार : रंग सोलतो

मुरवंडच्या ग्रामपंचायतीचं पत्र आलं
की भिंतीचा रंग एकाच जागी सोलतो,
आणि आमच्या कंपनीने सात वर्षांची हमी दिली होती.
म्हणून मी कुडाळहून आलो,
पिशवीत ओल मोजायचं यंत्र, पत्र्याची खरवडणी
आणि सही घ्यायचा फॉर्म, तीन प्रतींत.

भिंत जांभ्याची.
सड्यावरून उतरते, माडांतून वाट काढते,
पुळणीवर येते आणि भरतीच्या रेषेपाशी
बोलता बोलता विसरल्यासारखी थांबते.
अलीकडे गाबीतवाडी, पलीकडे दालद्यांचा मोहल्ला.
बासष्ट साली, कुणी म्हणतं रापणीच्या वाट्यावरून,
कुणी म्हणतं एका हरवलेल्या नांगरावरून,
दोन्ही बाजूंनी चिरे घातले.
गवंडी मात्र एकच होता.
सकाळी इकडून मजुरी घ्यायचा, दुपारी तिकडून.

आता तिच्यावर चित्रं आहेत.
पुण्याहून पोरं आली होती, पंधरा दिवस, डबे आमचेच.
हातात हात. पृथ्वीचा गोळा.
एक सूर्य, ज्याच्याखाली कुणालाच घाम येत नाही.
अकरा भाषांत शांती लिहिली आहे,
गावात बोलतात ती एकही नाही.
शाळेतल्या मुलांनी मागाहून, कुणाला न विचारता,
खालच्या पट्टीत बांगडे काढलेत,
अर्धे इकडे जाणारे, अर्धे तिकडे.
तेवढे मला आवडले.

मधोमध पांढरं कबुतर, पंख तेरा फूट.
रंग सोलत होता तो त्याच्या डोळ्यात.

यंत्र लावलं. काटा शेवटाला टेकला.
"आतून ओल आहे," मी म्हणालो.
आम्ही नेहमी हेच म्हणतो,
मग हमी लागू होत नाही.

जाळं सांधत बसलेली म्हातारी हसली.
चंद्रभागा कुबल, दातात सुतळी.
"हयसर भोक होता," ती म्हणाली.
गवंड्यानेच ठेवलेलं, मुठीएवढं,
विसरून की मुद्दाम, ते त्यालाच ठाऊक.
त्यातून तिने हाजराला आमसुलं दिली,
हाजराने तिला पोटशूळाची पुडी,
एकदा करवंटीतून विस्तव,
एकदा पोरीचं लग्न ठरल्याची बातमी, नुसत्या कुजबुजीत.
तीस वर्षं.
"तोंड खयचा दिसता? माका नुसती तिची बोटां म्हायत."
करंगळीचं नख फुटलेलं होतं.

पोरं आली, पुट्टी मागवली
(अकरा पोती, बिल माझ्याकडे आहे)
आणि सगळ्यात आधी भोक बुजवलं.
चित्राला सपाट जागा लागते.

मी विचारलं, हाजरा?
आहे की. एका वादळात भिंतीचा तुकडा पडला,
तो कुणी पुन्हा बांधला नाही, आता त्यातून रिक्षा जाते.
घर चौदा पावलांवर.
"जातंय मगे. चाय पितंव.
पण समोरासमोर बसलाव
की काय बोलूचा ता सुचणा नाय."

फॉर्मवर रकाना होता : दोषाचं कारण.
मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो.
सुकत घातलेल्या सोड्यांचा वास.
कुत्रं भिंतीच्या टोकाला वळसा घालून
पाण्यातून पलीकडे गेलं, परत आलं.
लिहिलं : भिंत श्वास घेते.
खोडलं, ही आमच्या खात्याची भाषा नव्हे.
लिहिलं : पाणी पलीकडून येतं.
मग खरवडणीने पोपडा काढला,
फार नाही, करंगळी जाईल इतका,
आणि पुट्टीचा डबा उघडलाच नाही.

सही कोण करणार? सरपंच मालवणला गेलेले.
"अंगठो चलात?" म्हातारीने विचारलं.
चालणार नव्हता. मी शाईची डबी पुढे केली.
तिन्ही प्रतींवर तिने अंगठा उठवला, दाबून,
आणि उरलेली निळी शाई
कबुतराच्या पंखाला पुसली.