चार फूट साडेसहा

जिंतूर रोडला, टायरच्या दुकानामागं,
अन्वर फॅब्रिकेशनच्या पत्र्याखाली
कुंपणाचे नमुने उभे होते
ओळखपरेडला आणल्यासारखे.

'काय बघायलात साहेब?
हे चौकोनी जाळीचं, हे तिरप्या जाळीचं,
याला वर कमान. खाली फळ्या, बंद, सगळ्यांना.
गंज नाही, वाळवी नाही.'
मग पान गालात सरकवून,
'फक्त एक सांगा,
शेजार किती दिसला पाहिजे?'

मी मोजणी खात्यातला माणूस.
एकतीस वर्षं साखळी ओढली, सेलू, पाथरी, मानवत.
काळ्या रानाच्या भेगांत पाय अडकवत
दुसऱ्यांच्या हद्दी कायम केल्या.
एकदा सोनपेठकडे
नऊ इंच बांधापायी दोन भाऊ
एकमेकांकडे बघतच नव्हते,
दोघंही मलाच म्हणत होते, 'त्याला सांगा.'
दगड रोवला, पंचनामा केला,
चहा कुणाकडचाच घेतला नाही.
पण हा असा प्रश्न
कुणी विचारला नव्हता.

मी म्हणालो, सहा फूट. पूर्ण बंद.
इंदुमती म्हणाली, 'म्हणजे भिंतच की.'

आमची मेंदी वाळली तीन उन्हाळ्यांत.
टँकरचं पाणी आधी माणसांना, मग मोगऱ्याला,
मेंदीपर्यंत पोचलंच नाही.
आता पलीकडच्या खैरुन्निसाबाईंच्या दोरीवरची चादर
थेट आमच्या ताटापुढं वाळते
आणि माझं बनियन त्यांच्या.
म्हणून तर आलो होतो.

इंदुमतीनं पिशवीतून वाटी काढली.
घरची, आमटीची, काठाला पोचा आलेली.
तिरप्या जाळीत घालून पाहिली, अडकली.
चौकोनी जाळीतून आडवी होऊन गेली.
'पण सांडेल,' ती स्वतःशीच म्हणाली.
लिंबू जाईल. कोथिंबिरीची जुडी जाईल.
हात जाईल, बांगड्यांपर्यंत.
अन्वर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून
हे असं गिऱ्हाईक बघत राहिला.

'वाटी वरून देता येईल,' मी म्हणालो.
'सहा फुटांवरून? मी?'

तेव्हा टेप काढला.
म्हणालो, इथं उभी राहा, चप्पल काढून,
समोर बघ.
जमिनीपासून डोळ्यांपर्यंत
चार फूट साडेसहा.
पॅनलवर पेन्सिलीनं रेघ मारली.
चौतीस वर्षांच्या संसारात
ही उंची कुठल्याच कागदावर नव्हती.
'झालं?' तिनं विचारलं, पापणी न हलवता,
फोटोला बसतात तशी.

जाळी रेघेपासून सुरू, असं ठरलं.
चौकोनी. विटकरी रंग. नऊ पॅनल.

संध्याकाळी ती पलीकडे जाऊन आली.
'गुडघे गेलेत त्यांचे.
दिवसभर खुर्चीतच असतात, सीताफळाखाली.
तुमच्या रेघेवरून त्यांना काय दिसणार? आभाळ.'

मी टेप घेऊन गेलो.
'आता माझं माप? ते तर शिंपी घेतो, भाऊ,'
बाई हसल्या,
पण ओढणी सारखी करून ताठ बसल्या.
तीन फूट सात.

अन्वरला फोन लावला:
चौथं पॅनल वेगळं. जाळी खाली घे.
'ओळ मोडंल साहेब.'
किती जास्तीचे होतील?
'पैशाचं नाही हो. ओळ मोडंल, ओळ.'

मीही जन्मभर ओळीच सरळ केल्या होत्या,
त्याचं दुखणं कळत होतं.
म्हणालो, मोडू दे.

पावतीवर त्यानं लिहिलंय,
पॅनल, नग आठ.
आणि खाली, जरा रागानं दाबून,
खुर्चीचं, एक.