मोजणी

स्विंडनमध्ये, बुधवारी रात्री, भांडी आवरून झाल्यावर
जेवणाच्या टेबलावर पार्कचा नकाशा पसरला.
एका कोपऱ्याला वरणाचा डाग,
नेमका ड्रॅगनच्या पाळण्यावर.

लाल पेनाने मी रांगा लिहीत होतो, निळ्याने टॉयलेट.
मीनल म्हणाली, गाडी कुठे लावायची ते आधी ठरव,
गेट येईपर्यंतच नानांचा दम संपायचा.

नाना, भूमापन खात्यातले, निवृत्त,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
"स्केल काय याची?"
नाही दिलेली, नाना. हा तसला नकाशा नाही.
"आणि उत्तर?"
उत्तरही नाही.
त्यांनी कागद असा परत सरकवला
जशी कुणी चुकीची सातबाऱ्याची नक्कल आणावी.

पाच मिनिटांनी मात्र पेन्सिल मागितली.
बाकांवर फुल्या, फुलीपासून फुलीपर्यंत रेघ,
रेघेवर बारीक आकडे, जुन्या वळणाचे.
चढ कुठे आहे, विचारलं. चहा कुठे, विचारलं.
"पाऊल नऊ इंच धर," म्हणाले,
"अडीच फुटांचं होतं, ते आता विसर."

आईचं वेगळंच.
"ती चाकाची खुर्ची मला नको हं.
मी काय म्हातारी आहे?
पिशव्या ठेवायला घ्या, हवी तर."
यज्ञेश म्हणाला, मी बसणार.
शाल्मली म्हणाली, मी ढकलणार.
उमेदवार मिळाले, प्रश्न मिटला,
आणि पिशव्यांचं काय, कुणीच विचारलं नाही.

मग दाराच्या चौकटीशी गर्दी.
पाळण्याला एक मीटर उंची लागते,
यज्ञेश अठ्ठ्याण्णव.
नानांनीच टेप धरली होती.
"दोनच वाढवा ना नाना, दोनच."
"मोजणीत तसं चालत नाही बाळा."
छत्तीस वर्षं कुणाच्या बांधाला
ज्यांनी बोटभर जमीन जास्त दिली नाही,
ते खाली वाकले, म्हणजे वाकता आलं तेवढे,
आणि त्याच्या कानात म्हणाले,
"शनिवारी जाड मोजे घाल. दोन जोड."

फॉर्म उरला होता, मदतीच्या पासचा.
मी फोनवर वाचत, मनात मराठी करत,
थोडं मऊ करत.
*रांगेत किती वेळ उभं राहता येतं?*
"लिही," नाना म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात
मिलोसाठी पाच तास उभा होतो. उन्हात.
पुढचा माणूस पडला, मी नाही पडलो."
नाना, आत्ता किती वेळ?
"पाचाचे चार लिही मग."

आई मुलांचे रेनकोट घडी करत होती.
मान वर न करता म्हणाली, "सात मिनिटं."
कुणीच काही बोललं नाही.
"दूध तापेपर्यंत माझ्याशेजारी उभे असतात,
मग म्हणतात, चल, स्टूल आण.
सकाळ-संध्याकाळ सात मिनिटं.
मागच्या दिवाळीला अकरा होती."

मी सात लिहिलं.
बोट चुकून खोडायच्या बटणावर गेलं, परत लिहिलं.
नानांनी टेप गुंडाळली, कर्रर्र करत,
खिशात घातली, खिसा दोनदा चाचपला.

अकरा वाजता मुलांसाठी दूध ठेवलं.
ते आलेच, ओट्याला हात टेकून उभे राहिले.
मी ओव्हनवरच्या हिरव्या आकड्यांकडे बघतोय
हे त्यांनी पाहिलं.
चार झाली, पाच झाली.
पाठ ताठ, हनुवटी वर,
साहेब तपासणीला आल्यासारखी.
सहा. साय नुकती धरत होती.
ओट्यावरची बोटं पांढरी पडत गेली.

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि काही न बोलता
गॅस मोठा केला.