पोसणीची अंडी

ओहोटी लागली की ओर्फेलिना मियाकेन
केम्पियेनच्या खाडीतून येते, गुडघाभर चिखलात,
बादलीत दगड, दगडांना चिकटलेल्या गोगलगायी,
एकीच्या पाठीवर दुसरी, टोप्या रचाव्यात तशा.
"यात दोन जाती आहेत," मी सांगते, "वरून ओळखू येत नाहीत."
"मला येतात. एक सुरी लावली की सुटते.
दुसरी दगडाचा टवका घेऊन येते."

आई होण्याआधी हीच नर होती म्हटल्यावर
ती इतकी हसली की बादली कलंडली.

मी एक उचकटते.
पोटाखाली पारदर्शक पिशव्या, देठाने दगडाला बांधलेल्या,
आत पिवळी अंडी, रव्याहून बारीक.
काचेखाली मोजते: केसाची तिप्पट जाडी.
दुसरीची मोजते: तेवढीच.
वहीत दोन्ही आया सारख्या.

पण एकीची पोरं महिनाभरात
पाण्यात सांडतात, हजारोंनी,
आपापला घास शोधत,
बहुतेक कुणाचा तरी घास होत.
दुसरीच्या पिशवीतली बरीचशी अंडी
कधीच कुणी होत नाहीत.
थांबून राहतात.
भावंडं त्यांना गिळतात
आणि पाय, डोळे, कवच सगळं घेऊनच
रांगत बाहेर येतात. परवा मोजली: दोनशेतून चौदा.

निबंधात याला गुंतवणूक म्हणतात.
शब्द ओर्फेलिनाला ठाऊक निघाला.
आंकुदच्या बँकेत ती एकदाच गेली होती,
सामनच्या पिंजऱ्याखाली बुडी मारून
वर न आलेल्या मुलाची भरपाई घ्यायला.
तिथल्या पोरीने विचारलं होतं, कुठे गुंतवणार, मावशी?
तिने छपराला पत्रे घेतले.

ऑगस्टात चिलोएवर पाऊस थांबत नाही.
नदी फुगते, खाडीचं मीठ उतरतं,
तेव्हा ही कवच दगडावर गच्च दाबून धरते.
गोडं पाणी आत येत नाही.
प्राणवायूही येत नाही.
आत आंबत जातं, आणि पिल्लांची कोवळी कवचं
तिच्याच पोटाखाली विरू लागतात.
किती तास धरते ते माझ्या आलेखात आहे.
बाकी काही माझ्या आलेखात नाही.

"आणि ती खाल्लेली," सुरी पुसत ओर्फेलिना विचारते,
"ती कुठे लिहितेस?"
मी वही चाळते. पेन्सिलीने
एक उभी रेघ ओढते, समासाजवळ.
वर नाव काय घालावं ते सुचत नाही.

उचकटलेली आई पिशव्यांवर परत बसत नाही,
हे मला माहीत आहे, तिलाही असणार.
तरी तिने ती उचलली,
नेमकी त्याच ओल्या खुणेवर ठेवली,
आणि अंगठ्याने दाबून धरली
थोडा वेळ.