आधी वाराच येतो

रात्री साडेदहाला मकाई दरवाजाशी जमायचं.
वसीम टॉर्च मारून आधार कार्ड बघतो,
पंचविशीच्या आतलं कुणी चालत नाही.
भुतांना चालतं, कायद्याला नाही.
मग प्रत्येकाच्या हातात झाकणाचा तांब्याचा पेला.
पोलीस आले तर सरबत म्हणायचं.

तिकीट अठराशे. त्यात तीन पेले, चार भुतं
आणि इतिहास फुकट.
इतिहास म्हणजे मी.
अकरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो.
तेव्हा तासाला जे मिळायचं त्याच्या दुप्पट
मालपाणी शेठ मला एका हाडळीचे देतो.

पहिल्या पेल्यात जालन्याची मोसंबी आणि जिन,
नाव 'हाडळीचा उसासा'.
दुसऱ्यात चिंच, गूळ, रम, वरून भाजलेलं जिरं:
'सुभेदाराचा शेवटचा घोट'.
असा सुभेदार झाला नाही. मीच केला.
पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, त्याची कबर कुठंय,
तेव्हा मी अंधाराकडं बोट दाखवलं.
अंधार इथं पुष्कळ आहे,
महानगरपालिकेची कृपा.

खरं असतं ते कुणी विकत घेत नाही:
की इथून पायाखालून नहर जायची,
डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून
उताराचा हिशोब धरून शहरात यायचं,
पंप नाही, वीज नाही,
चारशे वर्षांपूर्वी.
हे मी दोन वाक्यांत उरकतो
आणि लगेच नहरीत पडलेली नर्तकी काढतो.
नर्तकी काढली की लोक जवळ सरकतात.

त्या रात्री एक वाजत आला होता.
तिसरा पेला चालू. बेगमपुऱ्यातली अरुंद गल्ली.
मी आवाज खाली आणला:
"इथंच, याच वळणावर, ती दिसते..."
आणि ती दिसली.

पांढरा गाऊन, मोकळे केस,
भिंतीशी उकिडवी बसलेली, हलत नाही.
किंकाळी फुटली. एकाचा पेला दगडावर गेला.
मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
मग सगळ्यांनी.
मोबाईल निघाले. एकानं पाचशेची नोट पुढं धरली,
"काय ॲक्टिंग आहे, मॅडम!"

ती उठली. मागं निळा ड्रम, सात घागरी, एक बादली,
नळाला बसवलेला पाईप.
"आज आमचा नंबर," ती म्हणाली, "आठव्या दिवसाचा.
दहाला सोडतो म्हणले होते.
तुमच्याकडं आलं का पाणी?"
मग टॉर्चच्या उजेडात डोळे बारीक करून,
"सर? तुम्ही कामून इथं?"

जयमाला साळवे. बी.ए. दुसरं वर्ष, तिसरा बाक.
नहरीवर सहा पानं लिहिली होती तिनं,
उताराची आकृती काढून, पेन्सिलनं बाण दाखवून.
मी सोळापैकी पंधरा दिले होते.
एक मार्क कशाचा कापला, आठवेना.

"भुतं दाखवतो," मी म्हणालो.
"बरंय."
हसली नाही, चिडलीही नाही.
बर्फाच्या पेटीकडं बघत राहिली.
पेटीत बर्फ कमी, पाणी जास्त झालं होतं.
"हे फेकणारच ना?"

वसीमनं पेटी उचलली, माझ्याकडं बघितलं,
आणि ड्रमात उलटी केली.
लिंबाच्या दोन फोडी, पुदिन्याची काडी,
बर्फाचे खडे खडखडत गेले.
कोरड्या ड्रमाचा तळ फार वेळ वाजतो.

तेवढ्यात नळ ओरडला.
आधी खोल कुठंतरी, जमिनीखाली,
कुणी छाती भरून घ्यावी तसा,
मग लांब, घोगरा, चढत जाणारा.
पुण्याच्या बाईंनी माझं मनगट धरलं.
माझ्या चारही भुतांना एवढं कधी जमलं नव्हतं.
"घाबरू नका," जयमाला म्हणाली, पाईप ड्रमात सोडत,
"आधी वाराच येतो."

आम्ही दहा-बारा माणसं
रिकामे पेले घेऊन वारा ऐकत उभे.
पहिली धार पडेपर्यंत थांबावं, असं मनात आलं.
पण टूर दीडला संपते,
तसं तिकिटावर छापलंय.