कांदेबागेचं खोड

तीन वर्षं आठ महिने
मी केळीचं खोड जाळते आहे.
जाळते म्हणजे तसं नाही,
हवा लागू न देता, अकराशे अंशांवर,
मिनिटाला पाच अंश चढवत.
भट्टी जळगावची, खोड फैजपूरच्या बांधावरचं,
आर्गॉनचं नळकांडं पुण्याहून येतं,
किंवा येत नाही.

"म्हणजे कोळसाच की," पप्पा म्हणाले.
दीपनगरला एकतीस वर्षं कोळसा पाहिलेला माणूस.
डब्याच्या झाकणावर राख, गच्चीतल्या पापडांवर राख,
त्याच राखेतून माझी एम.एस्सी.ची फी.
"कोळसाच. फक्त हा धरून ठेवतो."
"काय धरतो?"
"सोडियम. मिठातला."
ते कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन
बराच वेळ ठेच्याकडे बघत राहिले.

फेलोशिप सात महिने थकली आहे.
हितेंद्र सरोदे होसूरला गेला, सेलच्या कारखान्यात.
पगार सांगताना आवाज बारीक करतो,
मला वाईट वाटू नये म्हणून.
मावशी विचारते, "काय करू ऱ्हायली वं तू इतके वर्सं?"
चार्ज, डिस्चार्ज, चार्ज.
शर्टाच्या बटणाएवढा सेल,
पडद्यावर एक हिरवी रेघ, रोज केसभर खाली.
घसरण म्हणायचं नाही, सर सांगतात,
'क्षमतेतील घट' लिहायचं.

चारशे बाराव्या चक्राला लाइट गेली.
मेची रात्र, भिंतीसुद्धा तापलेल्या.
इन्व्हर्टर दोनदा कण्हला आणि बसला.
"बॅटरीच्या लॅबमधी बॅटरीच नई,"
निंबाभाऊ टॉर्च धरून हसला.
मग मीही. मग फक्त तो.

दुसऱ्या दिवशी खोड आणायला गेले
तेव्हा पर्समध्ये एक सेल होता, एक लाल दिवा.
सुपडूआप्पा फालकांनी विचारलं, "किती वेळ चालते हे?"
"वीस मिनिटं."
त्यांनी मोबाइलवर वेळ लावली
आणि उन्हाकडे पाठ करून बसले,
दिव्यावर ओंजळीची सावली धरून.
इतकं नीट माझं काम
अजून कुणी वाचलेलं नाही.

चौदाव्या मिनिटाला दिवा गेला.
मी कारणं सांगत सुटले: ओलावा, सील, पहिल्याच चक्रातली गळती...
ते उठले.
एका खोडाला कोयत्याची पाठ मारून ऐकलं,
दुसऱ्याला मारून ऐकलं.
"हे मृगबागेचं. नुसतं पाणी.
कांदेबागेचं ने. अन् बुडाकडचं ने."
पैसे विचारले तर म्हणाले,
फेकायचंच होतं.

नमुना सदतीस. कांदेबाग, बुडाकडचं.
सुचवणारे: सुपडू फालक.
पेपरात असं लिहीत नाहीत, सर म्हणाले,
पण खोडलं नाही त्यांनी.

रात्रीचे पावणेदोन.
दोनशे दहा. दोनशे पंधरा.
लाइट आहे अजून.