वाटीचं माप

खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजूनं शिरलं
की आधी कोथिंबिरीचा वास, मग चिखल,
मग पादरा गावाहून टेम्पोत बसून आलेल्या रमीलाबेन.
पुढ्यात ओलं किंतान, त्यावर लीलुं लसण,
मुळांना माती तशीच.

आजवर मी भाजी आणलेली नाही.
म्हणजे गेलोय, पण पिशवी धरून मागे उभा.
भाव शैलजा करायची, गुजरातीत,
आणि फारच ताणलं की मराठीत.

आता ती घरी आहे, डावा पाय उशीवर.
पोटरीत रक्ताची गुठळी.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळी काढली,
नळीत एक काळा ठिपका.
शैलजानं चष्मा सारखा केला, म्हणाली,
पिठल्यात होते तशी?
त्या जरा थांबल्या, मग हसून, हा, एवी ज.

तिच्या पिठल्यात कधी गुठळी झाली नाही.
हात थांबला की होते, सांगायची ती.
हात नव्हता थांबला.
पण सहकारी बँकेच्या खुर्चीत एकतीस मार्च
किती बसून काढले, ते पायांनी लिहून ठेवलं असणार.

लोही पातळुं करे, काका,
रमीलाबेन लसणाची जुडी माझ्या नाकाशी धरतात.
शेजारच्या मंदाताई बिटाचा रस पाठवतात
आणि रिकामा पेला परत मागतात.
पुतण्या फोनवरून पालक, पालक करतो.
सगळ्यांना नक्की माहीत आहे.

फक्त डॉक्टरांना नाही.
त्या म्हणाल्या, भाज्या खाणाऱ्यांत हे कमी दिसतं,
लसूण, कांदा, हिरवा पाला,
मदत होत असेल, कदाचित.
पण गोळी चालू आहे ना,
पालक आणि ही गोळी एकाच दोरीची दोन टोकं ओढतात,
म्हणून रोज तेवढाच.
आज भारा न् उद्या उपास, असं नको.
लसूण जेवणातला असू दे,
त्याच्या कॅप्सूल मात्र मला विचारल्याशिवाय नाही.

घरी येताना रावपुऱ्यापर्यंत
मी तो एक शब्द तोंडात घोळवत होतो.
कदाचित.
आमच्या घरात तो फारसा वापरात नव्हता.
पेन्शन एक तारखेला, दूध सहाला,
पासबुकात शेवटचा पैसासुद्धा जुळलेला.

मग फडताळातून वाटी काढली,
सौ. शैलजास, मामाकडून, असं कोरलेली.
अक्षरं झिजलीत, मामा राहिलाय नुसता.
त्या वाटीनं पालक मोजतो आता.
शिजवलेला, सपाट, शीग न लावता.
दर पंधरवड्याला रक्त देऊन आली
की ती विचारते, आकडा किती?
मी सांगतो, ती वहीत लिहिते,
खाली रेघ मारते, बँकेत मारायची तशी.

काल पिठलं केलं.
लीलुं लसण बारीक चिरून, पातीसकट,
ओट्यावर हिरवे थेंब.
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी वळलो.
हात थांबला.

ती जेवली. मधेच बोटांनी काहीतरी
ताटाच्या काठाला नेऊन ठेवलं,
बोराएवढं, पिवळं, आतून कोरडं.
बोलली नाही.
पाणी प्यायली,
गॅलरीत अकरा फेऱ्या घातल्या, माझा खांदा धरून,
आठव्या फेरीला खालच्या रिक्षावाल्याचं भांडण ऐकायला थांबू म्हणाली,
मी म्हटलं, चालता चालता ऐक.

अंधारात, दिवा घालवल्यावर, विचारलंन,
जुडी केवढ्याला दिली?
चाळीस, मी म्हटलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

चाळीस, ती म्हणाली.
उद्या मी येते मार्केटला.