कच्चा रंग

दुपारचे तीन. धंतोलीच्या तळघरात एसी,
वर रस्त्यावर पंचेचाळीस डिग्री.
डोमाजी हेडाऊ, वय एकाहत्तर, साखर बावीस वर्षांची.
संमतीपत्रावर सही करताना विचारतात,
"रिअॅक्शन म्हंजे काय होते बाई?"
मळमळेल थोडं, खाज सुटेल. क्वचित त्याहून जास्त.
ते मान डोलावतात,
बाजारभाव ऐकावा तशी.

बाहुल्या थेंबांनी मोठ्या झाल्यात.
हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकवा.
सिस्टर कोपरापाशी शीर शोधते.
पस्तीस वर्षं या हातांनी गोळीबार चौकामागं सूत रंगवलं,
नखांच्या कडांना अजून निळं आहे.
सिरिंज बघून ते तिला थांबवतात.
"हा पिवया कशाचा? पयसाचा त नाही."
केमिकल आहे, काका.
"मंग बराबर."

सोडलं. मी मोजते.
दंडातून छातीत, छातीतून मानेत,
नऊ, दहा, अकरा,
आणि काळ्या पडद्यावर एक काडी पेटते.
मग फांद्या.
शिरा आधी दोन्ही काठांनी भरतात, मधलं अंग नंतर.
आठ वर्षं हे रोज बघते,
लुगडं आठवलं ते आज.
निळा झोत. पुन्हा. पुन्हा.
हलू नका.
"हालत नाही. वांती येऊन रायली फक्त."
सिस्टर तसराळं धरते. येत नाही.

तिसऱ्या मिनिटाला ठिपक्यांच्या कडा विरघळायला लागतात.
दहाव्या मिनिटाला तिथं ढग.
निदान सांगायचं काम माझं नाही,
मी फक्त फोटो काढते,
म्हणून स्क्रीन वळवायला हवी होती.
ते डोळे मिटून बसले, "समदं लाल दिसते," म्हणाले,
लाल ओसरल्यावर काचेला नाक लावलं
आणि बोट ठेवलं.
"इथं रंग सुटला."
जरा खाली. "इथंबी."
मग, बऱ्याच वेळानं,
"मीठ कमी पडलं का असंच होते लडीचं."

मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
म्हटलं, दोन दिवस लघवी पिवळी होईल, घाबरायचं नाही.
"धुतल्यावर जाते न?"
जातो, म्हणाले मी.
कुठला, ते विचारलं नाही.

दारातून परत वळले, काळा चष्मा चढवलेला,
मुलाचा खांदा धरून.
"उरला असन त द्या थोडा.
एक लडी बुडवून पायतो."
कुपीच्या तळाशी होता, नखाएवढा.
नियमानं तो पिवळ्या पिशवीत जातो.